फळ्यावरचा कावळा

फळा रोज पुसला जातो, पण खडूची भुकटी कुठे जाते? ती खालच्या लाकडी पट्टीवर साठते. मग वाऱ्याने उडते, मास्तरांच्या चष्म्यावर बसते, परबाच्या चहात पडते आणि उरलेली माझ्या नाकात जाते. किश्शांचं तसंच आहे. लालबागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचं मोफत वाचनालय आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर हा फळा, आणि गेली तीसएक वर्षं सकाळच्या बातम्या त्यावर मी लिहितो. फळ्यावर काय काय लिहिलं ते मला आठवत नाही. फळ्यापुढे काय काय झालं ते मात्र पुसता पुसत नाही.

माझं शिक्षण विचारू नका. सातवी नापास, तेही दोनदा, म्हणजे सातवीचा अनुभव इतरांपेक्षा जास्त. मिलमध्ये कापडाच्या गाठींवर नंबर रंगवायचो, म्हणून अक्षर बरं. मिल गेली, अक्षर राहिलं. आमचे सावंत मास्तर, म्युनिसिपालटीच्या शाळेतून रिटायर झालेले, नेहमी म्हणतात, "दत्तू, अक्षर तुझं मोत्यासारखं. मजकुराबद्दल मी बोलत नाही."

*

आधी कावळा कुठून आला ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

फार वर्षांपूर्वी एका सकाळी मला लहर आली आणि मी फळ्यावर लिहिलं, 'उद्या संपूर्ण दिवस पाणी येणार नाही.' झालं! सगळी चाळ भरायला लागली. पिंपं, कळशा, बादल्या. आमच्या मजल्यावरच्या परबाच्या बायकोने शेवटी प्रेशर कुकर भरून ठेवला आणि त्या दिवशी भात पातेल्यात केला. दुसऱ्या दिवशी नळ नेहमीपेक्षा जोरात आला. मी दोन दिवस बहिणीकडे वडाळ्याला जाऊन राहिलो.

परत आलो तर पंचायत बसलेली. परब तर माझ्या अंगावरच आला. तो मालवणचा, रागावून बोलायला लागला की त्याला थांबवता येत नाही. शेवटी निकाल दिला नंदामावशीने. नंदामावशी म्हणजे फळ्याशेजारी मासळीची पाटी घेऊन बसणारी आमची कोळीण. वाचता येत नाही, पण सगळ्या बातम्या तिला आमच्या आधी कळतात.

ती म्हणाली, "दत्तू, थापा मारल्याशिवाय तुला राहवणार नाही. तर मार. पण थाप असेल त्या दिवशी कोपऱ्यात खूण कर. कावळा काढ."

"कावळाच का गं?"

"माझ्या पाटीवर तोच टपलेला असतो. तुझ्यासारखा."

तेव्हापासून नियम झाला. उजव्या हाताला खाली, कोपऱ्यात, बोटभर कावळा असेल तर बातमी थाप. गल्लीतली माणसं आधी कोपरा बघतात, मग मजकूर वाचतात. कावळ्याच्या दिवशी फळ्यापुढे जास्त गर्दी असते हे मी अभिमानाने सांगतो.

एकदा लिहिलं, 'करी रोडच्या टॉवरमध्ये चाळिसाव्या मजल्यापर्यंत खेकडे चढले.' खाली कावळा. त्या टॉवरात नव्या राहायला आलेल्या एका बाईंनी ते वाचून सरळ सिक्युरिटीला फोन केला. त्यांना कावळ्याचं माहीत नव्हतं. आम्ही आठवडाभर हसलो.

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

*

वाचनालयात तीन पेपर येतात आणि वाचणारे वीस. म्हणून आम्ही पेपर सोडवून पानं वाटतो. प्रत्येकाचं पान ठरलेलं. परबाचं खेळाचं. माझं शेवटचं, फोटोंचं. आणि परदेशाचं पान सावंत मास्तरांचं. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मास्तर ते पान पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात आणि मग बाकावर बसून आम्हाला जगाची परिस्थिती सांगतात. आम्ही त्या बाकाला परराष्ट्र खातं म्हणतो.

मास्तरांचा खास विषय ब्रह्मदेश. म्यानमार म्हणत नाहीत, ब्रह्मदेशच म्हणतात. तिथे लष्कराने सत्ता घेतली त्या दिवसापासून मास्तर स्वतःचा संसार बुडाल्यासारखे हळहळत होते. शेजारी देश, सरहद्दीला सरहद्द लागलेली, आणि आपल्या पेपरात दोन इंची बातमी, हे त्यांना सहन होत नव्हतं.

एकदा मी मंडळाच्या माळ्यावरून जुनी रद्दी काढली. दोन वर्षांपूर्वीचं परदेशाचं पान शोधलं, वरच्या तारखेवर चहाचा डाग पाडला आणि सकाळच्या पेपरात घालून ठेवलं. मास्तरांनी पाऊण तास वाचलं. मग चष्मा पुसला आणि सुरू झाले. लष्कराने आणीबाणी सहा महिने वाढवली आहे, निवडणुका लवकरच घेऊ असं आश्वासन दिलं आहे, शेजारी राष्ट्रांनी चिंता व्यक्त केली आहे. त्यावर त्यांचं विवेचन चालू, आणि माझ्या पोटात हसू मावेना.

शेवटी मी सांगितलं, "मास्तर, हे पान दोन वर्षांपूर्वीचं आहे."

सगळा बाक हसला. मास्तरांनी चहाचा डाग नखाने खरवडून बघितला. आजचं खरं पान माझ्याकडून मागून घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि पुन्हा खाली बसले.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही. तेच आहे," ते म्हणाले.

त्यानंतर कोणी हसलं नाही. माझी सगळ्यात चांगली थट्टा अशी वाया गेली.

*

टेकबहादूर आमच्याकडे आला तो याच सुमाराला.

गल्लीच्या मागे एक धर्मशाळा आहे. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरवर उपचार घ्यायला लांबून येणारी माणसं तिथे राहतात. एका सकाळी साठीचा एक गोरा, बसक्या नाकाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस फळ्यापुढे उभा राहून बोट फिरवत वाचताना दिसला. परबाने त्याला वॉचमनच समजून टाकलं. कुठल्या बिल्डिंगला आहेस, ड्युटी किती तास, रजा मिळते का, सगळं विचारलं.

तो हसून म्हणाला, "मी हेडमास्तर होतो. आता नाही."

तो बोलायचा हिंदीत, तेही नेपाळी वळणाचं. मी मराठी करून सांगतो. आजोबा गोरखा, इंग्रजांच्या पलटणीतून ब्रह्मदेशात गेले आणि तिथेच राहिले. घरात नेपाळी, म्हणून आपली अक्षरं त्याला वाचता यायची. गाव डोंगरातलं, थंड हवेचं. स्ट्रॉबेरी होते म्हणाला. लगेच मास्तरांनी त्या गावाचं नाव महाबळेश्वर ठेवून टाकलं.

लष्कर आलं तेव्हा तिकडच्या मास्तरांनी निषेध म्हणून शाळेत जायचं थांबवलं. हाही त्यात. नोकरी गेली. मुलगा सूरज, तोही शिक्षक, मोर्च्यात पुढे होता. त्याला उचलला आणि लांबच्या शहरातल्या तुरुंगात टाकला. पुढे टेकबहादूरच्या बायकोला कॅन्सर निघाला. मग सुनेला आणि नातीला गावात ठेवून, बायकोला घेऊन तो इथे आला.

"मुलाची काही खबर?" मास्तरांनी विचारलं.

"आठ महिने नाही. आहे की नाही तेही माहीत नाही," तो म्हणाला, आणि मग शर्टाची बाही नीट करत बसला.

इतके दिवस परराष्ट्र खात्याला परराष्ट्र कसं असतं ते माहीत नव्हतं. आता ते बाकावर येऊन बसलं.

*

तो रोज यायचा. बायकोला किमो असेल त्या दिवशी हॉस्पिटलात, नाहीतर आमच्या बाकावर. मला दाइ म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. मास्तर त्याला लोकशाही शिकवायचे. हो, खरंच! ज्याने लोकशाहीसाठी नोकरी सोडली त्याला मास्तर लोकशाहीचे चार खांब बोटांवर मोजून दाखवायचे, आणि तो बिचारा मान डोलवायचा.

एकदा मास्तर सांगत होते की, तिकडच्या दहाएक देशांचं एक मंडळ आहे, ब्रह्मदेशही त्यात आहे. मंडळाचा नियम असा की, कुठलीही गोष्ट सगळ्यांच्या संमतीने, आणि कोणी कोणाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही. आपल्या देशालाही सरहद्द सांभाळायची असते, म्हणून आपणही लष्कराशी बोलून असतो आणि बाकीच्यांशीही.

"म्हणजे आमच्या मजल्यासारखं," मी म्हटलं.

आणि मग मी सांगायला लागलो. मला वाटलं गंमत येईल. आमच्या मजल्यावर वीस खोल्या. शेवटच्या खोलीतला नवरा दारू पिऊन बायकोला मारायचा. मजल्याची मीटिंग झाली. एक म्हणाला, त्याच्याकडे आपल्या मोरीची चावी असते, वाकडं घेऊ नका. दुसरा म्हणाला, उद्या तो आपल्या खोलीबद्दल बोलेल. तिसरा म्हणाला, मुलाबाळांवर वाईट परिणाम होतो. तर सगळ्यांच्या संमतीने ठरलं की, आरडाओरडा सुरू झाला की प्रत्येकाने आपला रेडिओ मोठा करायचा. वीस खोल्यांत एकच स्टेशन! काय आवाज यायचा, सांगतो तुम्हाला. लोक म्हणायचे, काय हौशी मजला आहे.

परब हसला. मीही हसलो.

टेकबहादूरने विचारलं, "आणि त्या बाईचं काय झालं?"

परब खेळाचं पान वर धरून म्हणाला, "गावाक गेली ती."

ती गावाला गेली नव्हती. तिला चौघांनी खाली उतरवलं तेव्हा जिन्यात मी होतो. परबही होता. आणि आमच्या खोलीतल्या रेडिओचं बटण फिरवणारा हात माझा होता, कारण घरात माझ्याएवढी उंची दुसऱ्या कोणाची नव्हती. रेडिओ फळीवर असायचा.

हे मी तेव्हा बोललो नाही. आता लिहितोय.

*

मास्तरांनी ठरवलं की, बोलून उपयोग नाही, काहीतरी केलं पाहिजे. चार वाचनालयांची संयुक्त आघाडी करायची आणि ब्रह्मदेशातल्या हुकूमशाहीविरुद्ध पत्रक काढायचं. लालबाग, करी रोड, दादर आणि गिरगाव. टेकबहादूर म्हणाला, कशाला त्रास घेता. मास्तर म्हणाले, "लोकमताला सीमा नसतात."

लोकमताला नसतील. वाचनालयांना असतात.

मास्तरांचा मूळ मजकूर असा होता: 'ब्रह्मदेशातील लष्करी राजवटीचा आम्ही तीव्र निषेध करतो आणि सर्व राजबंद्यांना ताबडतोब मुक्त करून लोकशाही प्रस्थापित करावी अशी मागणी करतो.' मी तो खाकी लिफाफ्यात घालून चारी ठिकाणी फिरवला. चप्पल झिजली, पण मजा आली.

दादरवाल्यांनी पहिल्यांदा ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. मग म्हणाले, 'निषेध' फार कडक आहे, 'नापसंती' करा. करी रोडच्या कमिटीवर आता टॉवरची माणसं आहेत. त्यांना राजकारण नको होतं. त्यांनी 'नापसंती'ची 'चिंता' केली. गिरगाववाल्यांचं म्हणणं, आमचं वाचनालय सगळ्यात जुनं, नाव पहिलं आमचं. ते मान्य झालं, तर त्यांच्या अध्यक्षांनी दुसरीच अडचण काढली. त्यांचा जावई ब्रह्मदेशातून उडीद डाळ मागवतो. देशाचं नाव घालू नका म्हणाले. मध्येच वडाळ्याच्या एका वाचनालयाचा पाठिंबा आला. कशाला पाठिंबा, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पत्रक तयार झालं. मी फळ्यावर सुंदर अक्षरात उतरवलं: 'शेजारील एका देशातील परिस्थितीकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत. सर्व संबंधितांनी संयम राखावा.'

नंदामावशीने मला ते वाचून दाखवायला लावलं. "संयम कोणी राखायचा?" तिने विचारलं. "मार खातोय त्याने?"

मास्तर खाली मान घालून बसले होते. टेकबहादूरने बोट फिरवत दोन्ही ओळी वाचल्या. 'सर्व संबंधित' म्हणजे कोण, ते माझ्याकडून समजून घेतलं. मग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तरजी, वाईट वाटून घेऊ नका. अशी पत्रकं आमच्याकडे फार येतात. दहा-दहा देशांची येतात. तुमचं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं आहे."

*

आता जे सांगायचं ते मला सांगायचं नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या पत्रकावरून मास्तरांना चिडवायची मला फार उबळ आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ब्रह्मदेशातील सर्व राजबंद्यांची सुटका. तुरुंगाचे दरवाजे उघडले. संयुक्त आघाडीच्या पत्रकाला यश.' खाली कोपऱ्यात झकास कावळा काढला. चोच उघडी. मग चहा प्यायला गेलो, दोन कप प्यायलो, कारण मास्तर आठ वाजता येतात आणि त्यांचा चेहरा मला ताज्या डोळ्यांनी बघायचा होता.

मास्तर आले. वाचलं. कोपरा बघितला. "नालायक," एवढंच म्हणाले, पण हसले. परबही हसला. मी खूश.

नऊ वाजता टेकबहादूर आला. हातात पेढ्यांचा पुडा. त्याने पहिला पेढा मास्तरांना दिला, मग परबाला, मग मला. नंदामावशीचे हात मासळीचे होते, तर तिच्या तोंडात घातला. शर्ट नवा होता. तो सांगत होता की, सातच्या आधी हॉस्पिटलात नंबर लावायला जाताना त्याने फळा वाचला. धावत परत जाऊन बायकोला सांगितलं. ती तीन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवली. गावात सुनेला फोन लावला. तिचा विश्वास बसेना, तर तो म्हणाला, मुंबईत फळ्यावर लिहून लावलंय, खोटं कसं असेल. ती नातीला घेऊन निघालीसुद्धा. बसने दिवसभराची वाट.

माझ्या तोंडात पेढा तसाच होता.

मास्तर माझ्याकडे बघत होते. परबाने खेळाचं पान घडी करून खिशात घातलं. नंदामावशी हलक्या आवाजात म्हणाली, "दत्तू, कावळा तू काढलास. तूच सांग."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. आयुष्यभर बडबड केलेला माणूस मी, आणि चार वाक्यं जुळेनात. टेकबहादूरने सगळं ऐकून घेतलं. मग फळ्याजवळ गेला, खाली वाकला आणि कावळ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"कावळा मी बघितला होता, दाइ," तो म्हणाला. "आमच्यात कावळा ओरडला की कोणीतरी घरी येतं. मला वाटलं, दाइने मुद्दाम काढलाय."

आमच्यातही तेच मानतात. आईने दारातल्या कावळ्याला कितीदा विचारलं असेल, कोण येणार रे म्हणून. ते मला त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं.

सगळ्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट आम्ही त्याला सांगितलीच नव्हती. सात महिने तो आमच्या बाकावर बसला. आम्ही त्याला लोकशाहीचे चार खांब शिकवले, आणि कावळा शिकवला नाही.

*

त्याने लगेच सुनेला फोन लावला. लागला नाही. तिकडे लष्कर केव्हाही नेटवर्क बंद करतं. दिवसभर लावला. मास्तरांनी आपल्या फोनवरून लावला, परबाने आपल्या. नंदामावशीने पाटी लवकर झाकली आणि फोनकडे बघत बसून राहिली, जणू तो तिच्या धाकाने वाजेल.

टेकबहादूरने बायकोला खरं सांगितलं नाही. म्हणाला, ती आज जेवली आहे, उद्याही जेवू दे.

दुसऱ्या दिवशीही फोन नाही. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. लोकांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? मी हो म्हटलं. पोलीस, बंदुका, बाई एकटी, कडेवर पोर, आणि हे सगळं बोटभर कावळ्यापायी. टेकबहादूर मला एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपलो असतो.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सून गावात परत पोचली होती. दोघी सुखरूप. टेकबहादूर उठून लांब जाऊन बोलला, आणि परत येऊन एवढंच म्हणाला, "आली ती. तिथे काही नव्हतं."

मग बायकोला खरं सांगायला तो धर्मशाळेकडे गेला. आम्ही कोणी त्याच्याबरोबर गेलो नाही. जायला हवं होतं. परब म्हणाला, घरचा मामला आहे.

*

वहिनींचे उपचार पुढच्या दोन महिन्यांत संपले. डॉक्टर म्हणाले, आता घरी घेऊन जा. ते चांगल्या अर्थाने की वाईट, ते टेकबहादूरने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यांना जायचं होतं. नात तिकडे होती, आणि तुरुंग तिकडे होता.

त्यानंतर त्याचा फोन दोनदा आला. दुसऱ्या फोनमध्ये वहिनी गेल्याचं कळलं. सूरज तेव्हाही आतच होता. आहे एवढं मात्र कळलं होतं, कारण आतून एकाच्या हाती चिठ्ठी आली होती. त्यानंतर फोन नाही. मास्तर अजून परदेशाचं पान वाचतात, पण बाकावर बसून सांगत नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणतात, "तेच आहे."

मी फळा लिहितो. कोपरा रिकामा ठेवतो. गल्लीतली लोकं मागे लागतात, दत्तूकाका, एकदा तरी कावळा काढा, मजा नाही येत. मी म्हणतो, चित्रकला विसरलो.

*

जायच्या आदल्या दिवशी टेकबहादूर बाकावर आला होता. स्ट्रॉबेरीचं बी पाठवीन म्हणाला. मास्तर म्हणाले, लालबागला येणार नाही. तो म्हणाला, लावून तर बघा. मग तो माझ्याजवळ सरकला.

"दाइ, तुला तुरुंगापुढचं सांगितलंच नाही. तू ऐकायच्या अवस्थेत नव्हतास."

सून संध्याकाळी तिथे पोचली तेव्हा फाटकापुढे कोणी नव्हतं. दरवाजे बंद. ती नातीला घेऊन समोरच्या झाडाखाली बसली. तिकडे लोकांना एक सवय झाली आहे. तुरुंगापुढे कोणी बाई पोर घेऊन, डबा घेऊन बसली की, बघणारीला वाटतं, हिला काहीतरी कळलंय. एक भाजीवाली आली आणि शेजारी बसली. तिचा भाऊ आत होता. मग दोन बहिणी आल्या. सकाळपर्यंत पन्नास-साठ बायका झाल्या. दुपारी रस्ता भरला. कोणी घोषणा देत नव्हतं. सगळ्या नुसत्या बसल्या होत्या, डबे मांडीवर घेऊन.

अधिकारी बाहेर आला. त्याने विचारलं, कशाला जमलात? एकीने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने तिसरीकडे, असं करत करत बोट सुनेपर्यंत आलं. ती म्हणाली, सुटका आहे म्हणून. अधिकाऱ्याने विचारलं, सुटका आहे हे तुला कोणी सांगितलं?

ती म्हणाली, "मुंबईला फळ्यावर लिहिलंय."

अधिकारी आत गेला. त्याने वर फोन लावला. खिडकी उघडी होती, सगळ्या बायकांना ऐकू येत होतं. तो विचारत होता, साहेब, सुटकेचं काही आहे का, मुंबईहून आलंय म्हणतात. वरच्यालाही माहीत नव्हतं. त्याने आणखी वर विचारलं. थापच आहे असं ठामपणे म्हणायची कोणाची हिंमत होईना, कारण तिकडे कुठला हुकूम केव्हा येईल ते कोणालाच ठाऊक नसतं. अर्ध्या तासाने अधिकारी बाहेर आला आणि म्हणाला, आमच्यापर्यंत अजून आलेलं नाही.

'अजून' म्हणाला! मग कोण उठतंय? बायका आणखी एक रात्र बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आणून त्यांना उठवलं. सून नातीला कडेवर घेऊन शेवटी निघाली. फाटकावरचा बंदूकवाला शिपाई दोन दिवस तिच्याकडे बघत होता. त्याने इकडे तिकडे बघितलं, दोन पावलं पुढे आला, आणि ओठ न हलवता तिला विचारलं, "ताई, त्या फळ्यावर आमचं काही लिहिलंय का? आम्हाला घरी कधी सोडणार?"